पंचमातला पंप

विनीत चेंदवणकरला गाडीसाठी पेट्रोलचा पंप घ्यायचा होता. गाडी त्याची, पैसे त्याचे, तेव्हा पंपही आपणच निवडायचा असं तो धरून चालला होता.

विनीत छत्तीस वर्षांचा. लोअर परळला एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचा आणि गिरगावात एका तीन मजली जुन्या बिल्डिंगीत तळमजल्यावर आईबरोबर, सुभद्राबाईंबरोबर, राहायचा. चौकात त्याची अठ्ठ्याण्णव सालची एस्टीम उभी असे. बाहेरून पाहिली तर कुणी रिटायर्ड माणूस बँकेत जायला वापरत असेल अशी, पांढरी, गरीब. पण लालबागला अभय नावाचा त्याचा शाळेपासूनचा मित्र गॅरेज चालवायचा. त्याने दोन वर्षं खपून तिचं इंजिन उघडलं, पिस्टन बदलले आणि टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त आली की पेट्रोलही त्याच हिशेबात जास्त जावं लागतं. कमी पडलं तर पिस्टनला भोक पडतं आणि दोन वर्षांचं काम दोन सेकंदांत संपतं. हे सगळं अभयने नीट समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "इंजिन मी बांधलं. त्याला जेवायला घालणं तुझं काम."

गाडीच्या कंपनीने दिलेला पंप या इंजिनाला पुरणं शक्यच नव्हतं. म्हणून तात्पुरता एक वापरलेला पंप विनीतने डिकीखाली बाहेरच्या बाजूने आवळून टाकला होता. रोज सकाळी सात ते आठ तो चौकात इंजिन चालू ठेवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे जुळवत बसायचा. इंजिनापेक्षा त्या पंपाचाच आवाज मोठा होता. म्हशीच्या आकाराचा एखादा डास गाडीखाली बांधून ठेवल्यासारखा तो अखंड गुणगुणायचा.

विनीतच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, आनंदीबाई आगाशे राहायच्या. वय शहात्तर. पंचेचाळीस वर्षं त्या गाणं शिकवत होत्या आणि त्यांची सकाळची शिकवणी सात ते आठ असायची.

बाईंनी तीन आठवडे काही म्हटलं नाही. मग एके दिवशी सेक्रेटरी रमाकांत सामंतांच्या हातात त्यांनी एक चिठ्ठी ठेवली. रमाकांत महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. तक्रारी वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला, पण ही चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. तीत लिहिलं होतं की गाडी आवाज करते याबद्दल माझी तक्रार नाही. चौक सगळ्यांचा आहे, आवाज होणारच. परंतु सदर गाडी कणसूर आहे.

रविवारी मीटिंग भरली. विनीतने कबूल केलं की आवाज होतो आणि पहाटे पाचला उठून काम उरकण्याची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या की पहाटे कणसूर ऐकणं तर आणखी वाईट. त्यांनी तंबोरा मागवला, काळी चारच्या पट्टीत लावला आणि विनीतला गाडी चालू करायला सांगितलं. सगळी मीटिंग कठड्याशी येऊन ऐकत उभी राहिली. बाईंनी पंचम धरून दाखवला आणि मग खाली बोट केलं. पंपाचा आवाज पंचमाच्या एवढासा खाली होता. ज्यांना सा आणि रे यातला फरक कळत नव्हता त्यांच्याही दातांत काहीतरी अडकल्यासारखं झालं. तिसऱ्या मजल्यावरचे मराठे तर म्हणाले की गेले तीन आठवडे आपल्याला ॲसिडिटी का होतेय ते आज समजलं.

रमाकांतांनी उपविधींचं पुस्तक चाळलं. त्यात सुराविषयी काहीच नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतःच ठराव लिहिला की श्री. चेंदवणकर यांनी पंप बदलावा आणि नवीन पंप श्रीमती आगाशे यांच्या पसंतीने घ्यावा. ठराव एकमताने मंजूर झाला. विनीतनेही हात वर केला. का केला ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

सुभद्राबाई घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "गाडी चलवूक घेतलंस की ऐकूक?"

शनिवारी दुपारी विनीत आणि आनंदीबाई चालत ऑपेरा हाउसला गेले. तिथे गाड्यांच्या सामानाच्या दुकानांच्या ओळी आहेत. त्यातल्या एका बोळातल्या मयूरभाईंकडून विनीत नेहमी सामान घ्यायचा. मयूरभाईंनी बाईंसाठी स्टूल पुसून दिलं आणि मातोश्री का म्हणून विचारलं. विनीतने खरं काय ते सांगितलं. मयूरभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की इथे लोक प्रेशर विचारतात, फ्लो विचारतात, वॉरंटी विचारतात. सूर कोणी विचारला नव्हता, पण ग्राहकाला जे पाहिजे ते दाखवणं हा धंदा आहे.

त्यांच्याकडे पंप तपासायची सोय होती. पत्र्याच्या डब्यात तेल, वर दाबाचा काटा आणि बाजूला एक बॅटरी. तिथे एकेक पंप लावून चालवून बघता येई. विनीतने आपला हिशेब सांगितला. इंजिन पूर्ण जोरात असताना तासाला दीडशे लिटर पेट्रोल पोचलं पाहिजे, तेही दाब न पडता. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते जास्त लागतं आणि साध्या रबराला खातं, म्हणून आतलं रबर ते सोसणारं हवं.

पहिला पंप मोठा होता, तासाला साडेतीनशे लिटरचा. बाईंनी डोळे मिटले आणि दोन सेकंदांत उघडले. यात दोन आवाज आहेत आणि दोघांचं पटत नाही, असं त्यांनी सांगितलं. विनीतलाही तो नकोच होता. एवढं पेट्रोल इंजिन पीत नाही, मग उरलेलं सारखं टाकीत परत येऊन तापत राहतं.

दुसरा पंप चालू झाला आणि बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी हळूच सा लावला. पंप आणि बाई एकाच जागी होते, तसूभर इकडेतिकडे नाही. बोळातून जाणारा एक हातगाडीवाला थांबला. बाई म्हणाल्या, हाच. विनीतने खोक्यावरचा आकडा वाचला. तासाला एकशेदहा लिटर. याने पिस्टनला भोक पडणार होतं. त्याने बाईंना ते सांगितलं. बाईंनी विचारलं की भोक किती मोठं पडतं. विनीत म्हणाला, बोट जाईल एवढं. बाई त्या पंपाकडे अशा बघत होत्या की विनीतला क्षणभर वाटलं, घ्यावा हाच आणि गाडी हळूहळू चालवावी.

तिसरा पंप तासाला एकशेनव्वदचा, दाबाखाली एकशेसाठ देणारा, इथेनॉल सोसणारा. इंजिनाच्या दृष्टीने अगदी बरोबर. त्याचा आवाज स्वच्छ होता, पण पंचमाच्या किंचित खाली. म्हणजे जुन्याचंच दुखणं, फक्त आवाज गोड. बाईंनी मान हलवली. तेव्हा मयूरभाई म्हणाले, "माँजी, ही बॅटरी उतरलेली आहे. करंट वाढवला तर हा वर चढेल." त्यांनी दुसरी, भरलेली बॅटरी लावली. आवाज वर सरकला, सरकला आणि पंचमावर येऊन बसला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता हात लावू नका."

मग मयूरभाईंनी विनीतला कागदावर काढून दाखवलं. गाडीतली जुनी बारीक वायर काढून जाड वायर थेट बॅटरीपासून न्यायची. त्याने पंपाला पूर्ण ताकद मिळेल, पेट्रोलही भरपूर येईल. मध्ये एक बटण बसवायचं, रेडिओच्या आवाजाचं असतं तसं गोल. इंजिन चालू असलं की करंट आपोआप वाढतो आणि पंप पंचमाच्याही वर जाईल, तेव्हा त्या बटणाने त्याला खाली आणायचा. बटण कुठवर फिरवायचं ते बाई सांगतील. बाईंना पंप पसंत पडला. जाताना त्यांनी दुसऱ्या पंपाचं खोकं एकदा हातात घेऊन खाली ठेवलं.

पंप बसला. बाईंनी खिडकीत उभं राहून खूण केली त्या जागी विनीतने बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते आठ वर तंबोरा आणि खाली एस्टीम एकत्र वाजू लागले. लोकांना सवय झाली. मराठ्यांची ॲसिडिटी गेली.

पण मंगळवारी विनीत संध्याकाळी ऑफिसातून आला, गाडी चौकात घेतली आणि वरून बाईंची हाक आली. गाडी ताबडतोब बंद करायची होती. संध्याकाळच्या मोठ्या विद्यार्थ्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी बाई मारवा शिकवायच्या आणि मारव्यात पंचम चालत नाही. नुसता कानावर पडला तरी राग मोडतो. विनीतने विचारलं की मग काय करायचं. बाई म्हणाल्या, सात वाजेपर्यंत येऊ नकोस.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी विनीत गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून बाईंना फोन करायचा. मारवा संपला नसेल तर समोरच्या उडप्याकडे बसायचा. कधी घाई असेल तर इंजिन बंद करून गाडी ढकलत आत आणायचा; अशा वेळी क्लासला येणारी माणसं गुमान हात लावायची, कारण दोष त्यांच्या रागाचाच होता. रमाकांतांनी नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळांच्या खाली एक ओळ वाढवली. मारवा, मंगळवार आणि शुक्रवार, सहा ते सात. ज्यांच्याकडे गाडी नव्हती तेही ती वाचून जायचे.

बाईंच्या सकाळच्या विद्यार्थ्यांत ऋता भागवत होती. वय एक्केचाळीस, चर्नी रोडला दातांचा दवाखाना. गळा चांगला, अभ्यास पक्का, पण विशारदच्या प्रात्यक्षिकात दोनदा नापास झालेली. सूर टिकायचा नाही. दिवसभर तिच्या कानाशी दात कोरायचं मशीन किंकाळत असे आणि तंबोऱ्यासारखा मऊ आवाज तिच्या कानात शिरायचाच नाही. हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. ते लक्षात आलं बाईंच्या. नवा पंप बसल्यापासून ऋता एकदाही घसरली नव्हती. एका सकाळी बाईंनी मध्येच खिडकीतून विनीतला गाडी बंद करायची खूण केली. दोन मिनिटांत ऋताचा सूर खाली आला. गाडी परत चालू करायला लावली, तशी ऋता परत जागेवर. बाईंनी हे तीनदा करून बघितलं आणि चौथ्यांदा जिना उतरून विनीतकडे आल्या.

परीक्षा पुढच्या रविवारी होती, दादरला एका शाळेत, पहिल्या मजल्यावर. बाईंनी ती खोली पाहिलेली होती. तिची खिडकी मागच्या गल्लीत उघडायची. विनीतला बाकी काही करायचं नव्हतं. खिडकीखाली गाडी लावून इंजिन बंद ठेवायचं आणि नुसता पंप चालू ठेवायचा. विनीतने सांगितलं की तिथे नो पार्किंग आहे. बाई म्हणाल्या की तू गाडीत बसून राहशील, मग ते पार्किंग कसं? ऋताला यातलं काही सांगू नये, असं बाईंचं मत होतं. विनीतने तिला न सांगता काही करायला नकार दिला. तेव्हा ऋताला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली की कितीला येशील.

रविवारी साडेदहाला विनीत दादरला त्या गल्लीत हजर झाला. जाड वायर आणि भरलेली बॅटरी असल्यामुळे इंजिन न लावताही बटण पूर्ण फिरवल्यावर पंप नेमका पंचमापर्यंत पोचत होता. त्याने काच खाली केली. वर बाईंचा तंबोरा ऐकू आला आणि मग ऋताने यमन सुरू केला. विनीतला गाण्यातलं काही कळत नसे, पण गेल्या चार महिन्यांत त्याला चूक कळायला लागली होती. चूक नव्हती. त्याने सीट जरा मागे केली.

परीक्षक मिरजेहून आले होते. यमन त्यांना पसंत पडला असावा, कारण त्यांनी लगेच दुसरा राग मागितला आणि तो मारवा होता. तंबोऱ्याची तार पंचमावरून उतरवायला त्यांनी एक मिनिट दिलं. बाईंनी तंबोरा ऋताच्या हातात दिला आणि खिडकीशी आल्या.

"विनीत," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पंचम काढ. धैवत दे."

विनीतने सांगितलं की बॅटरीवर धैवत येणार नाही, त्यासाठी इंजिन लावावं लागेल. बाई म्हणाल्या, लाव.

त्याने चावी फिरवली. टर्बोच्या गाडीचा सायलेन्सर मोकळा, सुरू होताना ती गरजते. गल्लीतली कबुतरं उडाली. करंट वाढला आणि पंप पंचमावरून वर जाऊन धैवताला टेकला. वर परीक्षकांनी डोकं वर केलं आणि विचारलं की खाली साथीला कोण आहे. बाईंनी सांगितलं की आमच्या सोसायटीतला मुलगा आहे, चेंदवणकर. परीक्षकांनी नाव लिहून घेतलं आणि ऋताला सुरू करायला सांगितलं.

आलाप जेमतेम रंगात येत होता तेवढ्यात गल्लीत गाड्या उचलणारी व्हॅन शिरली. पुढे एक हवालदार होते. त्यांनी काचेवर टकटक करून कागद मागितले. विनीत कागद घेऊन खाली उतरला. इथेच त्याची चूक झाली. माणूस गाडीत असेल तर ती उचलता येत नाही. उतरला की ती गाडी मोकळीच.

विनीतने पाच मिनिटं मागितली. हवालदारांनी कारण विचारलं. वर परीक्षा चालू आहे, असं त्याने सांगितलं. कुणाची, तर दातांच्या डॉक्टरांची. मग डॉक्टर वर आणि गाडी खाली कशाला चालू, असं हवालदारांनी विचारलं.

"सूर द्यायला," विनीत म्हणाला.

हवालदार रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दवाखाना ऐकला, औषध ऐकलं, सासूबाई ऐकल्या, एकदा एकाचा पोपट ऐकला. पण हे कारण वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि जे लिहिता येत नाही ते मान्य करता येत नाही.

हे बोलणं होईपर्यंत व्हॅनच्या माणसांनी मागच्या चाकांखाली लोखंडी हात सारून एस्टीम मागून उचलायला घेतली होती. गाडी नाकावर झुकली. टाकीत पेट्रोल पाव टाकीच होतं. ते सगळं पुढच्या कोपऱ्यात जमा झालं आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली. पंपाला ओढायला पेट्रोल नसलं की त्याच्यावरचं ओझं जातं आणि तो वेगाने फिरू लागतो. विनीतला ते कुणी सांगायच्या आधी ऐकू आलं. धैवत जागचा हलला आणि वर सरकू लागला.

तो धावत गेला आणि खिडकीतून आत हात घालून त्याने चावी पकडली. पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. कोरडा पंप मिनिटभरात जळतो. चावी फिरवली असती तर पंप वाचला असता. पण वर ऋताचा आवाज पंपाबरोबर चढत होता. तिला वाटलं असावं की हे बाईंनीच योजलं आहे. धैवतावरून ती सरकत सरकत निषादावर आली आणि पंपही तिथेच येऊन थांबला. दोघं निषादावर उभे राहिले.

मारव्यात निषादावर थांबलं की ऐकणाऱ्याला षड्जाची ओढ लागते, हे विनीतला पुढे बाईंनी सांगितलं. तेव्हा त्याला एवढंच कळलं की काहीतरी अर्धवट लटकतंय आणि आता चावी फिरवता येणार नाही. त्याने चावीवरचा हात तसाच ठेवला. इंजिनाने दोन गचके दिले आणि ते पेट्रोलवाचून बंद पडलं. पंप चालूच होता. जळका वास येऊ लागला. हवालदारांनी हात वर करून व्हॅनवाल्यांना थांबवलं होतं. गाडी अधांतरी, मागची चाकं फूटभर वर.

मग पंप खरखरला, एकदा कण्हला आणि गप्प झाला.

गल्लीत काहीच ऐकू येईना. ऋताचा निषाद तेवढा वर होता, आधार काढून घेतलेला. ती थोडी थरथरली, सावरली आणि मग सावकाश षड्जावर आली. एकटी आली. आणि तिथे ती राहिली, वाटेल तितका वेळ.

"झालं का?" हवालदारांनी विचारलं.

विनीत म्हणाला, झालं.

मग त्यांनी गाडी नेली. नियम तो नियम, आणि तशीही ती आता चालणार नव्हतीच. विनीत व्हॅनमध्ये हवालदारांच्या शेजारी बसून गेला. वाटेत त्यांनी त्याला विचारलं की वर गात होत्या त्या खरंच दातांच्या डॉक्टर का, आणि दवाखान्याचा पत्ता लिहून घेतला.

दीड महिन्याने निकाल लागला. ऋता दुसऱ्या वर्गात पास झाली. शेऱ्याच्या जागी परीक्षकांनी लिहिलं होतं की निषादाचा लगाव उत्तम, साथीदाराने मात्र शेवटपर्यंत साथ द्यावी. पंप भरून देण्याचा विषय ऋताने काढला तेव्हा विनीतने हात जोडले. शेवटी तिने सुभद्राबाईंची कवळी करून द्यायचं ठरवलं. सुभद्राबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. त्या लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन बसल्या.

नव्या पंपासाठी विनीत एकटाच मयूरभाईंकडे गेला. दुकानात पंपांची खोकी नव्याने लावलेली दिसली. प्रत्येक खोक्यावर मयूरभाईंनी पेनने सूर लिहिला होता, त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीकडून हार्मोनियमवर तपासून घेऊन. विनीतने या वेळी फक्त फ्लो आणि प्रेशर सांगितलं. टाकीला हात लावायला आजवर नकार देणारा अभय ती कापायला अखेर तयार झाला होता, त्यामुळे पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला राहणार होता, आणि आत बसणाऱ्या पंपाचा आवाज बाहेर येत नाही. मयूरभाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग जरा उदास होऊन, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं असं एक खोकं मागून काढून दिलं.

चौकात आता सकाळी नुसता तंबोरा वाजू लागला. पहिले आठ-दहा दिवस क्लासमधले बरेचजण घसरले. खुद्द ऋता घसरली नाही. मंगळवारी विनीत सवयीने गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि मग त्याच्या लक्षात आलं की थांबायचं कारण उरलेलं नाही. तरी त्याने उडप्याकडे एक कॉफी घेतली.

एक काम मात्र राहिलं होतं. पूर्ण जोरावर असताना पंप पुरतो का, हे अजून बघायचं होतं. दाबाचा काटा डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या समोर होता आणि विनीतला रस्ता सोडून तिकडे बघणं शक्य नव्हतं. अभयला ताप आला होता. सुभद्राबाई नव्या कवळीमुळे बोलत नव्हत्या. रविवारी सकाळी सात वाजता विनीत पहिल्या मजल्यावर गेला आणि त्याने अडचण सांगितली. बाईंनी विचारलं, आकडे वाचायचे एवढंच ना? आणि शाल घेऊन खाली आल्या.

कोस्टल रोड त्या वेळी रिकामा होता. बोगद्यातून बाहेर पडल्यावर विनीतने सांगितलं की मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणार. ऐंशीच्या वर जायची परवानगी नाही, म्हणजे चार-पाच सेकंदांचंच काम. तेवढ्या वेळात काट्यावर जे दिसेल ते मोठ्याने म्हणायचं. तीन पूर्णांक सातपर्यंत चढल्यावर पुन्हा खाली आला तर ओरडायचं. बाईंनी चष्मा नीट केला.

त्याने पाय दाबला. आधी काही झालं नाही, मग टर्बोने हवा घेतली आणि पांढऱ्या गरीब एस्टीमने दोघांना सीटमध्ये ढकललं. बाईंचा एक हात दारावर गेला. पण नजर काट्यावरून हलली नाही.

"तीन पाच," त्या म्हणाल्या. "तीन सहा. तीन सात. तीन सात. तीन सात. तीन सात."

विनीतने पाय काढला. काटा तीन सातवरून शेवटपर्यंत हलला नव्हता. दोन वर्षं आणि तीन पंप झाल्यावर इंजिनाला पोटभर मिळत होतं. डावीकडे समुद्र होता. वरळीला उतरून त्याने गाडी एका बाजूला घेतली, बॉनेट उघडून कुठे गळतंय का ते पाहिलं आणि फडक्याने हात पुसत परत आला.

बाई सीटवर तशाच बसून होत्या, शाल घट्ट गुंडाळलेली. त्यांनी विचारलं की जाताना पुन्हा याच रस्त्याने जायचं का. विनीत म्हणाला की तपासायचं ते तपासून झालं, आता सरळ दादर-परळवरून जाऊ, वाटेत तुम्हाला भाजी घ्यायची असेल तर थांबू.

"भाजी गिरगावात मिळते," बाई म्हणाल्या. "चल, वळव."